दिल्लीत शुल्क हटलं, आपल्या पट्टीवर काय दिसलं? आर्थिक धोरणावर लिहिणाऱ्या पत्रकाराला स्टोरी कशी द्यायची

आधी माझीच फजिती सांगतो. मी जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव बाजूचा, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशोबाला आहे, त्याआधी काही वर्षं एका पेपरचा गावाकडचा वार्ताहर होतो, वार्ताहर म्हणजे काय तर पगार शून्य आणि दिवाळी अंकाला जाहिराती आणायच्या. तर एका वर्षी कापसाचा भाव पडला आणि आमच्या ग्रुपवर ठरलं की हे मुंबईपर्यंत गेलं पाहिजे. मी बसून तीन पानी मजकूर लिहिला. वर "मा. संपादक साहेब", मग "बळीराजा हवालदिल", मग "शासनाचा जाहीर निषेध", शेवटी "तीव्र आंदोलनाचा इशारा", आणि सोबत तहसीलदारांना निवेदन देतानाचा अकरा जणांचा फोटो, त्यात निवेदन कमी आणि आमचे चेहरे जास्त. हे सगळं एका मॅडमना पाठवलं, मुंबईत असतात, राजकारण आणि सरकारचे आर्थिक निर्णय या बीटवर लिहितात. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मग नेमकं काय घडलं?"

एवढंच. मला राग आला, तीन पानं लिहिली आणि ही बाई विचारते काय घडलं. मग रात्री तीच तीन पानं परत वाचली तर त्यात एक तारीख नव्हती, एक भाव नव्हता, कोणत्या सरकारचा कोणता निर्णय हेसुद्धा नव्हतं. आमचे आजोबा असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, काय व्हयनं ते सांग ना भो.

तेव्हापासून तीन-चार स्टोऱ्या लागल्या, दहा-बारा वाया गेल्या, त्यातून जे कळलं ते लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या लोकांनी वाचावं म्हणून उदाहरणं आपलीच घेतली आहेत.

पहिली गोष्ट, माणूस ओळखा. शेतीवर लिहिणारा पत्रकार वेगळा, त्याला उद्या बाजार समितीत काय होणार यात रस असतो, रोग कोणता आला, आवक किती, भाव काय. नुसत्या राजकारणावर लिहिणारा वेगळा, त्याला कोण कोणावर नाराज आहे ते पाहिजे. आणि जो आर्थिक धोरणाचं राजकारण लिहितो त्याच्या डोक्यात वेगळेच प्रश्न फिरत असतात, निर्णय कोणी घेतला, कोणाच्या मागणीवरून घेतला, कोणाचा फायदा झाला, कोणी भरलं, आणि जो भरतोय तो मतदार कुठल्या मतदारसंघातला. तुमच्याकडे यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं असतात, पहिले तीन त्याला तुमच्यापेक्षा बरे माहीत असतात. म्हणून आयात शुल्क म्हणजे काय हे त्याला समजावत बसू नका, त्याच्याकडे मंत्रालयातली माणसं आहेत, तुमच्याकडची हिशोबाची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळते ती वजन-भावाची पावती, मात्र त्याच्याकडे नाही.

आता हे जवळून बघू, कापसाचंच घेतो कारण माझं रोजचं काम तेच आहे.

२०२१ च्या बजेटमध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क लागलं. २०२५ मध्ये केंद्राने ते १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, कारण दिलं कापड उद्योगाला स्वस्त कच्चा माल. मग २७ ऑगस्टला अमेरिकेचं भारतीय मालावरचं वाढीव टॅरिफ लागू झालं, एकूण ५० टक्के, आणि कापडवाल्यांची बोंब उडाली. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, केंद्राने कापसाची शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आता गंमत बघा, २७ ऑगस्ट म्हणजे त्या वर्षीची गणेश चतुर्थी, आणि आपल्याकडे गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त करायची पद्धत, काट्याची पूजा, नारळ, पेढे, आणि पहिल्या दोन-चार क्विंटलला वरचढ भाव. म्हणजे इकडे मुहूर्ताचा नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीतून निघालेल्या आदेशाने आपला पूर्ण वेचणीचा हंगाम, ऑक्टोबर ते डिसेंबर, शुल्कमाफीत गेला. पहिली माफी सप्टेंबरअखेर संपणार होती तेव्हा आपला फारसा माल बाजारातच नसतो, दुसरीने मात्र नेमकं वेचणीतच गाठलं.

ही झाली स्टोरीची जागा. वर आदेशाची तारीख, खाली तुमच्या वेचणीची तारीख, दोन्ही एकमेकांवर ठेवल्या की पत्रकाराचे कान उभे राहतात. "कापसाला भाव नाही" हे वाक्य दर वर्षी खरं असतं म्हणून ती बातमी होत नाही.

पण इथेच खरी परीक्षा पण आहे. मी जेव्हा दुसऱ्यांदा मॅडमना फोन केला आणि म्हणालो की सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या केंद्र सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावसुद्धा मिळत नाहीये, पट्ट्या आहेत माझ्याकडे, तेव्हा त्यांनी विचारलं, ओलावा किती होता? मी गप्प. धागा कोणता लावला? गप्प. आणि तुम्ही जो सुरुवातीचा भाव सांगताय तो मुहूर्ताचा का नंतरचा? पुन्हा गप्प. जिनिंगमध्ये रोज ओलावा मोजणारा माणूस आणि फोनवर पाणी पाणी झालो.

हे गणित आधी स्वतः करून ठेवा. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. पण तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. म्हणजे लांब धाग्याचा, १२ टक्के ओलाव्याचा कापूस असेल तर चार टक्के गेले, ३२४ रुपये चाळीस पैसे, हातात ७,७८५ च्या आसपास. हे लुटणं नाही, नियम आहे, नियम चुकीचा वाटत असेल तर ती वेगळी स्टोरी. पण तुम्ही "हमीभावापेक्षा सव्वातीनशे कमी दिले" म्हणून पट्टी पाठवली आणि पत्रकाराने सीसीआयला विचारलं आणि त्यांनी हे गणित दाखवलं की तुमचं नाव त्याच्या फोनमध्ये कायमचं बाद. उलट तुम्हीच सांगितलं की ओलाव्याची कपात एवढी, ती बाजूला काढली तरी पावसामुळे १२ च्या वरचा माल परत गेला आणि त्याच संध्याकाळी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला, द्यावा लागला, ही त्याच दिवसाची दुसरी पट्टी, तर मग स्टोरी उभी राहते. एकाच शेतकऱ्याच्या एकाच दिवसाच्या दोन नोंदी, एक माल नाकारल्याची आणि एक विकल्याची, पत्रकाराला स्टोरी सुचवायला यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही.

आपल्या विरोधात जाणारी गोष्ट आधी आपणच सांगायची. मी जिनिंगमध्ये नोकरी करतो, कापूस स्वस्त मिळाला तर मालकाचा फायदा, हे मी पहिल्या मेसेजमध्येच लिहितो. तुम्ही कुठल्या पक्षाचे पदाधिकारी असाल, संघटनेत असाल, बाजार समितीची निवडणूक लढवणार असाल, तर तेही लिहा. पत्रकार त्यामुळे तुम्हाला टाळत नाही, पण नंतर दुसऱ्याकडून कळलं तर पक्कं टाळतो.

बरं, कोणाला प्रश्न विचारायचा हेसुद्धा लोक चुकतात. आयात शुल्क केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या हातात, सीसीआय केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली, हमीभाव केंद्राचं मंत्रिमंडळ ठरवतं. आणि आपण मोर्चा नेतो पालकमंत्र्यांच्या बंगल्यावर. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात राज्याचं पणन खातं शिंदखेड्याच्या जयकुमार रावलांकडे आणि वस्त्रोद्योग भुसावळच्या संजय सावकारेंकडे आलं, म्हणजे कापूस विकायचं खातं आणि कापूस विणायचं खातं दोन्ही खानदेशात, ही गोष्ट राजकीय पत्रकाराला नक्कीच चवीची वाटते, पण शुल्क लावणं त्यांच्या हातात नाही हे तुम्हीच त्याला सांगितलं आणि विचारलं की मग राज्याने केंद्राला याबद्दल काय लिहिलं, लिहिलं का, तर तो प्रश्न तो घेऊन जाईल. ते पत्र मागवायला माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. येतंच असं नाही, पण अर्जाची पोच असली तरी ती स्टोरीत कामाला येते.

दोन बाजू असलेली स्टोरी लवकर घेतली जाते, हे मला जळगावच्या डाळ मिलवाल्यांमुळे कळलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केला आणि मुदत वाढवत वाढवत नेली, मग १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लावलं. आता वाटाणा स्वस्त आला की तूर-हरभरावाला शेतकरी ओरडतो, कारण स्वस्त डाळ आली की त्याच्या मालाला गिऱ्हाईक कमी. शुल्क लागलं की ज्याची मिल आयातीच्या मालावर चालते तो ओरडतो. आणि हे दोघं एकाच एमआयडीसीच्या रस्त्यावर, एकाच टपरीवर चहा पितात. तुम्ही शेतकरी असाल तरी मिलवाल्याचा नंबर पत्रकाराला स्वतःहून द्या, "तुमच्या स्टोरीसाठी यांच्याशीही बोला, हे माझ्या विरुद्ध बोलतील." तुम्ही नाही दिला तरी तो शोधणारच आहे, मग आपणच दिलेला बरा.

आणि राजकीय अर्थ तुम्ही काढून देऊ नका, विशेषतः निवडणुकीचा. कांद्याचं उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला उठवली पण ५५० डॉलर टनाची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून, १३ सप्टेंबर २०२४ ला किमान किंमत काढली आणि शुल्क २० टक्के केलं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. मधे लोकसभा झाली, जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मेला आणि धुळ्याचं २० मेला, तेव्हा बंदी उठून सोळा दिवस झाले होते. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव चार हजारांपेक्षा कमी मतांनी निवडून आल्या. आता आमच्यातले एक अण्णा आहेत, त्यांनी लगेच एका पत्रकाराला लिहून पाठवलं की कांद्याने धुळ्याची सीट पाडली, छापा. त्या पत्रकाराने विचारलं की धुळे लोकसभेतच येणाऱ्या मालेगाव मध्य विधानसभेतल्या त्यांच्या प्रचंड आघाडीचं काय करायचं मग, ती पण कांद्याची का? अण्णा अजून त्याच्यावर रागावलेले आहेत. पण त्याच अण्णांकडे साक्री तालुक्यातल्या त्यांच्या भाच्याच्या कांदाचाळीत कांदा किती महिने पडला, किती सडला, बंदीआधीच्या आणि नंतरच्या विक्रीच्या पावत्या, हे सगळं होतं, ते त्यांनी पाठवलंच नाही. जे आपल्या हातात होतं ते घरी ठेवलं आणि जे पत्रकाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं ते त्याला शिकवायला गेले.

आता मेसेज. लोक फोन करतात आणि वीस मिनिटं बोलतात, तसं नको. आधी व्हॉट्सअॅप किंवा मेल, स्क्रीनवर एका नजरेत मावेल एवढा. समजा असा:

"नमस्कार मॅडम, मी धरणगाव तालुक्यातून, जिनिंगमध्ये हिशोबाला असतो. कापसाची शुल्कमाफी २८ ऑगस्टला वाढवल्यानंतर आमच्या तीन गावांत खेडा खरेदीचा भाव दर आठवड्याला काय होता त्याच्या २२ पट्ट्या जमवल्या आहेत, १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. यातल्या ९ जणांनी सीसीआयला नोंदणी केली होती, तरी रब्बीच्या बियाण्याला पैसे पाहिजेत म्हणून नंबर यायच्या आधी व्यापाऱ्याला विकला. दोघं नावासह बोलायला तयार, एक नाव न छापता. ओलावा १४ पट्ट्यांवर लिहिलेला आहे, ८ वर नाही. कापूस स्वस्त मिळाला तर आमच्या जिनिंगचा फायदा आहे हे आधीच सांगतो. अजून कोणाला दिलेलं नाही, गुरुवारपर्यंत थांबतो."

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका. यात बघा, "हवालदिल" नाही, "जाहीर निषेध" नाही, ८ पट्ट्यांवर ओलावा नाही हेसुद्धा सांगून टाकलंय. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. एकाला दिलं म्हणजे एकालाच दिलं, तेवढे दिवस गप्प बसायचं. आपल्याकडे काय होतं, मॅडमना पाठवायचं आणि त्याच मिनिटाला "खानदेश पत्रकार मित्र" छाप चार ग्रुपवर फॉरवर्ड, मग दुसऱ्या दिवशी एका पोर्टलवर शुद्धलेखनाच्या चुकांसह तेच लागतं आणि मॅडमची स्टोरी मेली. गुरुवार उलटला, उत्तर नाही, तर एकदा आठवण करा, एकदाच, मग दुसऱ्याला द्या आणि पहिल्याला तसं कळवा. उत्तर न येणं हा अपमान नाही, त्यांच्याकडे दिवसाला शंभर मेसेज येतात आणि त्यातले नव्वद वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर असतात.

पट्ट्यांचे फोटो काढताना सपाट टेबलावर ठेवून, उजेडात, तारीख आणि वजन दिसेल असे काढा, मांडीवर ठेवून काढलेला फोटो ज्यात चप्पल दिसते आणि आकडा दिसत नाही त्याचं ती काय करणार. बँक खात्याचा नंबर, आधार, मोबाईल झाका. आणि ज्याची पट्टी आहे त्याला आधी विचारा. नुसतं "देऊ का" असं नाही, नीट सांगा की यात तुझं नाव पेपरात येऊ शकतं आणि ज्या व्यापाऱ्याला तू पुढच्या वर्षी परत माल देणार आहेस तो ते वाचेल. खेडा खरेदी उधारीवर, ओळखीवर चालते, तोच व्यापारी पोरीच्या लग्नाला उसने देतो. मी एकदा हे न विचारता एका भाऊंची पट्टी पुढे केली, नाव छापून आलं, त्या हंगामात त्यांचा कापूस उचलायला गाडी दहा दिवस उशिरा आली. कोणी काही बोललं नाही, पण गाडी उशिरा आली. ते आजही माझ्याशी चांगलं बोलतात, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

ऑफ द रेकॉर्डचा नियम पण माहीत करून घ्या. बोलायच्या आधी सांगायचं की हे छापायचं नाही, किंवा छापा पण नाव नको, आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच बोलायचं. सगळं बोलून झाल्यावर "बरं हे छापू नका हं" याला काही अर्थ नसतो, पाळलं तर त्याची मेहेरबानी. छापायच्या आधी मला वाचायला पाठवा असंही म्हणू नका, ते पाठवत नाहीत. तुमचं वाक्य किंवा आकडा परत तपासून घ्या एवढं म्हणू शकता, चांगला पत्रकार ते आनंदाने करतो.

कोणाला गाठायचं? तालुक्याचा प्रतिनिधी, जिल्ह्याचा ब्युरो, मुंबई-दिल्लीचा बीटवाला, तिघांची कामं वेगळी. तालुक्याच्या माणसाला कमी लेखू नका, त्याला गावं माहीत आहेत आणि मुंबईवाला शेवटी त्यालाच फोन करून विचारतो की हा माणूस खरा आहे का. पण जाहिरातीचं ओझं त्याच्याच डोक्यावर असतं, ज्या व्यापाऱ्यावर स्टोरी आहे त्याचीच अर्धं पान दिवाळीची शुभेच्छा असू शकते, मी स्वतः त्या जागी होतो म्हणून सांगतो, तेव्हा त्याला धर्मसंकटात टाकू नका. धोरणाची स्टोरी वरच्या माणसाला द्या आणि तालुक्याच्या माणसाला सांगून ठेवा. वरचा माणूस निवडायला त्याच्या नावाने आलेल्या शेवटच्या दहा-पंधरा बातम्या वाचा, तासाभराचं काम आहे. जो जीएसटी कौन्सिल आणि सरकारी कर्जावर लिहितो त्याला केळीची कटती, म्हणजे वजनातली कपात, कशी कळणार असं वाटेल, पण त्याने मागे कधी साखरेच्या निर्यातीवर लिहिलंय असं दिसलं तर तो तुमचा माणूस. त्या बातमीचा उल्लेख पहिल्या ओळीत करा, पण वाचली असेल तरच.

वेळ. संध्याकाळी सहानंतर फोन करू नका, पानं लावायची वेळ असते. १ फेब्रुवारीचं केंद्राचं बजेट, राज्याच्या बजेटचा दिवस, मतमोजणी, या दिवशी तर नकोच. अधिवेशनाच्या दोन-तीन आठवडे आधी गाठा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं आणि आपला कापूस तेव्हाच बाजारात असतो, आमदार प्रश्न लावतात, सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून तुमची गोष्ट तेव्हा सगळ्यात जास्त चालते. हमीभाव साधारण मे-जूनमध्ये जाहीर होतो, त्या दिवशी सगळ्यांना प्रतिक्रिया पाहिजे असते पण ती प्रतिक्रिया म्हणजे तीन ओळी आणि पासपोर्ट फोटो, त्याला स्टोरी म्हणत नाहीत. त्यापेक्षा संसदेच्या साइटवर खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं असतात, त्यात सीसीआयने कुठल्या राज्यात किती गाठी घेतल्या वगैरे सरकारच्याच सहीचे आकडे मिळतात, ते काढून आपल्या केंद्रावरच्या अनुभवाशेजारी ठेवून पाठवा, मे महिन्याची वाट बघायची गरज नाही.

केळीवाल्यांसाठी वेगळं थोडं. रावेर-यावल-चोपड्याकडचे लोक म्हणतात आमच्याकडे धोरण कुठे आहे, भाव तर बऱ्हाणपूरच्या लिलावावर ठरतो. अहो तीच स्टोरी आहे. २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली जळगावची केळी आणि तिचा भाव ठरतो मध्य प्रदेशातल्या मंडीत, बोर्डावरचा भाव वेगळा आणि बांधावरचा वेगळा. रोज बोर्डाचा भाव आणि तुम्हाला मिळालेला भाव एका वहीत महिनाभर लिहा, दोनच रकाने. फळपीक विम्याचं पण तसंच, ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याची हवामानाची अट, तुमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठरतो, तुमच्या बागेत नाही, तेव्हा केंद्र नेमकं कुठे उभं आहे, सावलीत का भिंतीशेजारी, याचा फोटो आणि बागेपासूनचं अंतर हे तुमच्या रडण्यापेक्षा जास्त बोलतं. खरीप पीक विम्याचं विचाराल तर २०२३ ला आलेली एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, कापसाला शेतकऱ्याचा हिस्सा आता जास्तीत जास्त पाच टक्के आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतात पीक कापून उत्पादन मोजतात त्यावर. तुमच्या मंडळात तो प्रयोग कोणाच्या शेतात झाला, पंच कोण होते, तुम्हाला कळलं का, एवढं शोधलं तरी पुष्कळ.

स्टोरी लागल्यावर ती तुमच्या मनासारखी नसेल हे धरून चाला. माझी पहिली लागली तेव्हा मी दिलेल्या पट्ट्यांपैकी तीनच वापरल्या होत्या आणि दोन परिच्छेद सूतगिरणीवाल्याला दिले होते, तो म्हणत होता शुल्क हटलं नसतं तर कामगार घरी बसवावे लागले असते. ग्रुपवर लोक मला म्हणाले ही बाई मिलवाल्यांना विकली गेली. मी म्हटलं तो पण खरंच बोलतोय ना भाऊ. आकडा चुकला असेल तर त्याच दिवशी पुराव्यासह कळवा, दुरुस्ती होते. मत पटलं नसेल तर सोडून द्या, आणि पंधरा दिवसांनी पुढची पट्टी पाठवा, "त्या बातमीनंतर आमच्याकडे हे झालं" किंवा "काहीच झालं नाही", दोन्ही चालतं.

आणि कधी पत्रकार म्हणाली की मी येते, तर ढोल-ताशा नको, शाल-श्रीफळ नको, सरपंचाचं भाषण नको, पाकीट तर चुकूनही नको. पन्नास माणसं गोळा केली की त्यातले मोठ्याने बोलणारे चारच बोलतात आणि ज्याची पट्टी आहे तो मागे उभा राहतो. त्या दोघा-तिघांनाच शेतात थांबवा, पट्ट्यांची मूळ प्रत जवळ, गाडी भरतानाची वेळ असेल तर उत्तम, वजनकाट्यावर न्या, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसताना दाखवा, आकडा त्यांनाच वाचू द्या. बायामाणसं वेचणीला असतील तर त्यांच्याशी बोलायला मोकळं सोडा, मधे मधे उत्तरं देऊ नका, वेचणीचा किलोमागचा दर त्यांना तुमच्यापेक्षा पक्का माहीत असतो आणि त्या तो न घाबरता सांगतात. जेवायला घरचंच, भरीत-भाकरी, ठेचा वेगळा वाढा. आणि जळगावहून परतीची गाडी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून घ्या, कारण काट्यावर रांग असते आणि आमच्या रस्त्याने स्टेशन गाठायला गूगल सांगतं त्यापेक्षा अर्धा तास जास्तच लागतो.